नगरसभेत लग्नाचा कॅमेरा

आमच्या भाऊजींनी आजवर किती लग्नं पार पाडली याची मोजदाद त्यांना स्वतःलाही करता येणार नाही. फक्त स्वतःचं तेवढं राहून गेलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, धंद्यानं लग्नाचे व्हिडिओवाले. आमचं गाव शहर म्हणावं एवढं मोठं नाही आणि खेडं म्हणावं एवढं लहानही नाही, पण त्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात भाऊजींच्या कॅमेऱ्यासमोर झालेली आहे. माणूस इतका भिडस्त, की रस्त्यात कुणी यांच्या पायावर पाय दिला तर हेच "माफ करा" म्हणून बाजूला होतील. अशा माणसानं आमच्या नगरसभेची झोप उडवली, असं सांगितलं तर बाहेरच्या कुणाला खरं वाटत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

भाऊजींच्या कामाचा एकच नियम: कुणीही सुटता कामा नये. धंद्याच्या सुरुवातीला एका लग्नात नवरीचे मामा खांबामागच्या खुर्चीत बसले होते आणि अख्ख्या व्हिडिओत कुठेच आले नाहीत. मामींनी स्टुडिओत येऊन जे काही सुनावलं, त्यानंतर भाऊजींनी कानाला खडा लावला. तेव्हापासून कार्य कुठलंही असो, त्यांचा कॅमेरा पहिल्या रांगेतल्या डावीकडच्या टोकापासून निघतो, एकेका चेहऱ्यावर थोडा थांबतो, उजव्या टोकाला पोचतो आणि मग दुसरी रांग धरतो. व्यासपीठावर कुणी कितीही तावातावानं बोलत का असेना. "वहिनी, बोलणारा काय, बोलतच असतो," ते मला म्हणतात, "खरी गंमत ऐकणाऱ्यांच्या तोंडावर असते."

आमच्या घरातले दुसरे कलाकार म्हणजे माझे यजमान, भाऊजींचे थोरले बंधू. हे आमच्या वॉर्डातून नगरसभेवर निवडून गेले होते. मी त्यांना घरात सदस्यसाहेब म्हणायची, आणि त्यात मान किती नि टोमणा किती, हे त्या दिवशी भांडी कुणी घासली यावर ठरायचं. माणूस वाईट नाही. कुणाचं छप्पर गळलं तर स्वतः शिडी खांद्यावर घेऊन जाणारा. पण 'नाही' हा शब्द काही त्यांच्या घशातून बाहेर येत नाही. सभेत काय झालं असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "माझा विरोधच होता गं, पण बहुमतापुढे काय करणार?" मुलांच्या मैदानावर गाड्या लावायला जागा झाली, यांचा विरोध होता. वाचनालय निम्मा आठवडा बंद राहायला लागलं, यांचा विरोध होता. आणि सभेच्या कागदावर दर वेळी एकच वाक्य: ठराव बहुमतानं मंजूर. कुणी हात वर केला, कुणी नाही, याचा कुठे मागमूस नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग वरून हुकूम आला, की सगळ्या नगरसभांनी आपल्या बैठका इंटरनेटवर थेट दाखवायच्या. आमच्या सभेचे अध्यक्ष हसले. "बघणार कोण?" म्हणाले, आणि काम भाऊजींना देऊन टाकलं. भाऊजी स्वस्त होते, गरीब होते, शिवाय सदस्याचे भाऊ होते.

पहिल्या काही बैठका खरंच कुणी बघितल्या नाहीत. प्रेक्षक म्हणजे मी, माझ्या सासूबाई आणि आणखी कुणीतरी एक. हा तिसरा कोण म्हणून आम्हाला भारी उत्सुकता होती. तो भाऊजींचाच दुसरा फोन निघाला.

आणि मग ती चूक झाली. आदल्या दिवशी भाऊजींनी एक लग्न थेट दाखवलं होतं, आणि संगणकावरची लग्नाची सजावट काढायची राहून गेली. ही सजावट मोठी हुशार. चौकटीत दोन चेहरे शेजारी शेजारी आले की ती आपोआप जागी होते. बैठकीत अध्यक्ष आणि विरोधी गटाचे पुढारी एकमेकांना गटारांवरून वाटेल ते बोलत होते. तेवढ्यात दोघांच्या भोवती गुलाबी बदाम उमटला, वरून पाकळ्या पडायला लागल्या, मागे मंद बासरी, आणि खाली सोनेरी अक्षरं: 'दोन मनं, एक वाट'. भाऊजींना याचा पत्ताच नाही, कारण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सजावट दिसत नाही, ती फक्त बघणाऱ्यांना दिसते. आमचा गडी आपल्या नियमाप्रमाणे डावीकडून निघाला आणि दोन-दोन सदस्यांची लग्नं लागत गेली. मान टाकून झोपलेले दोघे होते, त्यांचंही लागलं.

संध्याकाळपर्यंत ते चित्र गावातल्या झाडून सगळ्या फोनांवर पोचलं. मी नगरसभेच्या दवाखान्यात नर्स आहे. त्या संध्याकाळी तापानं फणफणलेला एक ट्रकवाला तोंडात थर्मामीटर धरून इतका हसत होता, की मला त्याचा ताप तीनदा बघावा लागला. भाऊजी मात्र घरी येऊन भिंतीला टेकून बसले. "वहिनी, संपलं. आता मला कुणी लग्नालासुद्धा बोलावणार नाही."

झालं उलटंच. पुढच्या बैठकीला गाव फोनला चिकटलं. आज कुणाचं लागतंय म्हणून बघायला आले सगळे, आणि बदाम काही उमटला नाही. पण तोवर लोकांना दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं. आपण निवडून दिलेली माणसं खुर्चीत बसून नेमकं करतात काय, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं. कोण जांभया देतो, कोण फोनवर पत्ते खेळतो, कोण सही करून मागच्या दारानं पसार होतो. कुणीतरी व्हिडिओच्या खाली लिहिलं, "आमच्या वॉर्डाची खुर्ची रिकामी का?" पुढच्या बैठकीला ती खुर्ची भरलेली. एका सदस्यांनी तर केस काळे करून घेतले. भाऊजींच्या बोटाला धरून गाव सभागृहात शिरलं, आणि मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! हसायला आलेली माणसं बघत बसली, आणि बघत बसलेली विचारायला लागली.

आमच्या गावात एक निवृत्त पोस्टमन काका आहेत. आयुष्यभर घरोघर पत्रं वाटलेली, त्यामुळे गावातला प्रत्येक चेहरा त्यांना पत्त्यासकट पाठ. मतदान हात वर करून व्हायचं. भाऊजींचा कॅमेरा रांगेनं फिरायला लागला की काका खाली लिहीत सुटायचे: "हे अमक्या वॉर्डाचे, हात वर. हे तमक्या वॉर्डाचे, हात खाली. यांनी निवडणुकीत उलट सांगितलं होतं, पत्रक माझ्याकडे आहे." फळं भरणाऱ्या कारखान्यातल्या बायका दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मागची बैठक लावायच्या आणि न्हाव्याच्या दुकानात खेळाच्या सामन्याऐवजी गटारांच्या नकाशावरून वाद व्हायचे. आमच्या सासूबाई 'उपसूचना' हा शब्द शिकल्या. त्यानंतर माझ्या चहालासुद्धा उपसूचना यायला लागल्या.

अशात एका बैठकीचे विषय इंटरनेटवर लागले, आणि त्यातला एक मी पुन्हा पुन्हा वाचला. बचतीसाठी संध्याकाळचा दवाखाना बंद करावा, असा ठराव होता.

हा संध्याकाळचा दवाखाना म्हणजे काय ते सांगायला हवं. दिवसा दवाखाना उघडा असतो तेव्हा गाव कामावर असतं. दिवसभर तापलेलं पोर, कारखान्यात कापलेलं बोट, म्हाताऱ्याचा दम, हे सगळं कामाची पाळी सुटल्यावर आमच्या बाकावर येऊन बसतं. पॅकिंगवाल्या ताई त्यांतल्याच. कारखान्यात पेट्या भरणाऱ्या बायकांच्या त्या प्रमुख. त्यांच्या लेकीला दमा आहे. काम सुटलं की तिला कडेवर घेऊन धावत यायच्या, मी पोरीच्या नाकाला वाफेचा मुखवटा लावायची, आणि तिचा श्वास मोकळा झाला की तिघींचा जीव भांड्यात पडायचा. संध्याकाळचा दवाखाना बंद झाला, तर या बाईनं पोर घेऊन जायचं कुठे?

"काळजी करू नकोस," सदस्यसाहेब म्हणाले. "मी आहे ना. माझा विरोधच आहे."

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी कपबश्या विसळत होते, तेव्हा भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, भाऊजी खाली, स्टुडिओच्या मागच्या खोलीत. चहाची वेळ नसताना ते वर आले म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं.

"अध्यक्ष येऊन गेले," ते म्हणाले. "म्हणाले, उद्या मतदानाच्या वेळी कॅमेरा व्यासपीठावरच ठेवा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? चहा विचारला." ते खुर्चीच्या कडेवर बसले. "पण वहिनी, मला सांगायचंय ते वेगळंच आहे. दादाचा हात आहे ना... तो वरही नसतो आणि खालीही नसतो. कोपर टेबलावर, पंजा कानापाशी. मत देतोय म्हणा, कान खाजवतोय म्हणा. कारकून लागेल तसा धरतो. दोन्हीकडचे म्हणतात, आपला माणूस."

"प्रत्येक वेळी?"

"मी बघतोय तेव्हापासून. आणि मी काय करतो सांगू? सगळ्यांवर थांबतो, दादा आला की कॅमेरा सर्रकन पुढे नेतो. पोस्टमन काकांना वाटतं, माझा हात हलला. काय करू, आपलेच दात नि आपलेच ओठ."

मी बशी खाली ठेवली. संतापानं माझे कान तापले होते. मैदान, वाचनालय, सगळा 'विरोध' डोळ्यांसमोरून गेला. राग होता थोरल्याचा, पण समोर धाकटा सापडला.

"उद्या काय करू?" त्यांनी विचारलं.

"मला विचारू नका," मी म्हटलं. "मला दाखवा."

ते उठले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी बैठक लांबली आणि दवाखान्याचा विषय यायला संध्याकाळ झाली. मी कामावरच होते. कापसाच्या बरणीला टेकवून फोन उभा केला. बाकावर पॅकिंगवाल्या ताई, मांडीवर वाफ घेत असलेली लेक, तो ट्रकवाला, दोन म्हाताऱ्या. सगळ्यांच्या माना फोनकडे. ज्या खोलीचं काय करायचं ते तिकडे ठरत होतं, त्याच खोलीत बसून आम्ही ते बघत होतो.

चर्चा आटोपली. अध्यक्ष उठले. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

कॅमेरा अध्यक्षांवरच. ते छान हसले. खाली लोक लिहायला लागले, "हात दाखवा", "हात दाखवा", आणि कॅमेरा जागचा हलेना. भाऊजी घाबरले, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात त्यांना माफसुद्धा करून टाकलं. भिडस्त माणूस, त्याच्याकडून किती अपेक्षा करायची?

आणि कॅमेरा थरथरला. सरकला. पहिल्या रांगेच्या डावीकडच्या टोकाला जाऊन थांबला.

"आला!" ट्रकवाला ओरडला.

काय सांगू ती मजा! पहिल्या सदस्यांचा हात ताठ वर होता. दुसऱ्यांचा वर होता, पण कॅमेरा जवळ येताना दिसला तसा हळूहळू उतरायला लागला आणि चष्मा सारखा करून खाली गेला. तिसरे एकाएकी बुटाची नाडी बांधायला टेबलाखाली वाकले. कॅमेरा त्यांच्या पाठीवर थांबून राहिला. शेवटी माणूस किती वेळ नाडी बांधणार? वर आले, तोंड लाल, हात खाली. पोस्टमन काका लिहीत होते, गाव टाळ्या वाजवत होतं, एक म्हातारी मला विचारत होती, "म्हणजे हात खाली चांगला ना गं?" "खाली चांगला, आजी, खाली चांगला!" मी नाचायचीच बाकी होते.

मग आमचे हे आले. कोपर टेबलावर, पंजा कानापाशी.

कॅमेरा थांबला, आणि थांबलाच. खाली एकच प्रश्न पावसासारखा: "वर की खाली?" "वर की खाली?" मी दवाखान्यातली खुर्ची ओढून फोन हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या नावानिशी, सगळ्या गावासमोर लिहिलं: "आम्ही दवाखान्यातून बघतोय. वर की खाली, ते सांगा."

सभेचा कारकून उभा राहिला. इतकी वर्षं हा माणूस मान वर न करता 'बहुमतानं मंजूर' लिहीत आला होता. "साहेब," तो चाचरत म्हणाला, "हा हात कसा धरू? बाकीचे दोन्हीकडे सारखे होतायत. आणि माझ्या घरचेही बघतायत हो."

यांनी थेट कॅमेऱ्यात बघितलं. कॅमेऱ्यामागे सख्खा भाऊ उभा होता. मग हात हलला आणि सरळ वर गेला. "वर धरा," हे म्हणाले. "पक्षाचा आदेश आहे."

ठराव एका मतानं मंजूर झाला.

वाफेच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती. पॅकिंगवाल्या ताईंनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, हे तुमचेच ना?"

"हो," मी म्हटलं. "आमचेच."

लाजेनं जमीन फाटून आत जावं असं वाटत होतं, आणि तरी छातीत काहीतरी मोकळंही झालं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याचं मत काय, हे मला पहिल्यांदा कळलं होतं. मी हात धुतले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी जेवायला बसलो तेव्हा हे भावाकडे न बघता म्हणाले, "सख्ख्या भावावर एवढा वेळ थांबतात?"

"सगळ्यांवर तेवढाच थांबलो," भाऊजी म्हणाले. "आधी तुझ्यावर कमी थांबायचो. ते चुकत होतं."

भाऊजींनी 'माफ करा' म्हटलं नाही. मी वाट बघत होते, पण नाही म्हटलं. सासूबाईंनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझी एक उपसूचना आहे. आधी जेवा."

संध्याकाळचा दवाखाना बंद झाला. पण निवडणूक तोंडावर होती, आणि गाव आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. आमच्या वॉर्डात यांच्याविरुद्ध पॅकिंगवाल्या ताई कुठल्याही पक्षाशिवाय उभ्या राहिल्या. सभा नाही, फलक नाही. लोक फोनवर प्रश्न विचारायचे, ताई दुपारच्या सुट्टीत पेट्यांच्या ढिगावर बसून उत्तरं द्यायच्या. माहीत नसेल तिथे "माहीत नाही, विचारून सांगते" म्हणायच्या, आणि खरंच विचारून सांगायच्या. आमच्या गावात हे नवीनच होतं.

इंटरनेटवर खोटंही भरपूर फिरतं, मी काही डोळे मिटून नाचणारी नाही. एक दिवस ताईंचा एवढासा व्हिडिओ पसरला, "दवाखाना बंदच करा." गाव हादरलं. पण ताईंचं ते अख्खं उत्तर भाऊजींनी न कापता ठेवलेलं होतं. काकांनी ते शोधून लावलं. पूर्ण वाक्य होतं, "दवाखाना बंदच करा म्हणणाऱ्यांनी आजारी पोर कडेवर घेऊन एकदा गावभर फिरून बघावं." हातच्या काकणाला आरसा कशाला? ज्यांनी तुकडा पसरवला होता, त्यांनाच मग तोंड लपवायला जागा मिळेना.

मतदानाआधी शाळेच्या सभागृहात सगळ्या उमेदवारांना एका रांगेत बसवलं होतं. लोकांनी घरून प्रश्न लिहायचे, आणि भाऊजींनी आले तसे वाचायचे. त्यांना कुणी निवड करू दिली असती तरी त्यांनी केली नसती. आमच्या यांच्यासाठी प्रश्न आला: "हात वर का केलात?" पक्षाच्या लोकांनी यांना बचतीचं लांबलचक उत्तर लिहून दिलं होतं. यांनी तो कागद उघडला, थोडा वेळ बघितला, आणि घडी घालून खिशात टाकला.

"खरं सांगू?" हे म्हणाले. "तिकीट जाईल म्हणून घाबरलो."

आणि टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. मी मागच्या रांगेत बसून रडत होते आणि हसतही होते. त्या क्षणी मला नवऱ्याबद्दल जेवढं प्रेम वाटलं, तेवढं लग्नाच्या दिवशीही वाटलं नसेल. आणि मत कुणाला द्यायचं, तेही त्याच क्षणी पक्कं झालं.

मतदानाला आम्ही बरोबर गेलो. एवढी रांग आमच्या वॉर्डानं कधी बघितली नव्हती. पुढे न्हावी, मागे कारखान्यातल्या बायका, आणि जो तो कुणाचा हात कुठल्या ठरावाला कुठे होता यावर बोलत होता. मी आत गेले, मत दिलं, बाहेर आले. यांनी काही विचारलं नाही.

ताई चांगल्या फरकानं निवडून आल्या. निकाल ऐकून आम्ही घरी आलो, तेव्हा हे बूट काढता काढता म्हणाले, "तूही मला दिलं नसशील."

"नाही दिलं."

यांनी दुसरा बूट काढला. "मागच्या वेळी निवडून आलो, तेव्हा लोकांनी मला का दिलं ते मला कधी कळलंच नाही," हे म्हणाले. "या वेळी का नाही दिलं, ते नीट माहीत आहे." मी जवळ जाऊन बसले.

भाऊजींचं काम नव्या सभेनं चालू ठेवलं. आता शेजारच्या गावांतले लग्नाचे व्हिडिओवाले त्यांच्याकडे शिकायला येतात. भाऊजी त्यांना चहा देतात आणि मामांची गोष्ट सांगतात. लग्नाला मात्र अजून तयार नाहीत.

नव्या सभेच्या पहिल्याच बैठकीत पहिलाच विषय होता, संध्याकाळचा दवाखाना पुन्हा सुरू करावा. मी घरीच होते, कारण माझी संध्याकाळ रिकामी होती. बाहेरच्या खोलीत फोन टेबलावर उभा केला. सासूबाई एका बाजूला, मी एका बाजूला, आणि मध्ये आमचे माजी सदस्यसाहेब, खुर्चीच्या अगदी कडेवर. सामना बघणाऱ्या माणसासारखे यांचे गुडघे हलत होते.

ताईंनी ठराव वाचला. छोटासाच होता: दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवावा. सगळे माना डोलवत होते.

"अरे, असं नाही!" हे एकदम ओरडले. "नुसता उघडा ठेवून काय उपयोग? डॉक्टर कुठाय त्यात? औषधं कुठायत? असलाच ठराव आम्ही वाचनालयाचा केला होता, दारं उघडी आणि आत माणूस नाही!"

"मग मला काय सांगताय?" मी म्हटलं. "त्यांना सांगा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग फोन उचलला आणि एका बोटानं, जीभ दातांत धरून लिहायला लागले. यांनी यापूर्वी तिथे कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं ते असं: "ठरावात डॉक्टर, नर्स आणि औषधांची तरतूद घाला. नाहीतर कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद राहील. अनुभवानं सांगतो." आणि खाली पूर्ण नाव.

सभागृहात ताईंनी समोरच्या फोनकडे बघितलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं. "एका मतदारांकडून घरून सूचना आली आहे," त्या म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचून दाखवली. नाव वाचल्यावर सभागृहात थोडी कुजबुज झाली. "सूचना योग्य आहे. मी ती ठरावात घालते."

यांनी माझा हात घट्ट पकडला. पाच वर्षं त्या सभागृहात बसून यांचं एक वाक्य कुठल्या ठरावात गेलं नव्हतं, आणि आज घरातल्या खुर्चीवरून गेलं. यांचे डोळे भरून आले होते, मी बघितलं. सासूबाईंनीही बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली. मतदान झालं, कॅमेरा सगळ्यांवरून फिरला, ठराव डॉक्टर, नर्स आणि औषधांसकट मंजूर झाला.

"उद्यापासून मी संध्याकाळी कामावर," मी म्हटलं. "रात्रीचा स्वयंपाक तुमच्याकडे."

"हो हो," हे फोनवरची नजर न काढता म्हणाले, "पण आता गप्प बस जरा, गटारांचा विषय चाललाय."